वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : बदलीच्या हुकमाने मुंबईत आलेले घर

४ डिसेंबरचा नौदल दिन जवळ आला की दिव्यांनी उजळलेल्या युद्धनौका पाहण्यासाठी मुंबईकर गेटवे ऑफ इंडियाकडे वळतात आणि १९७१ साली कराची बंदरावर झालेल्या हल्ल्याची आठवण वर्तमानपत्रांतून छापून येते. त्या नौकांवर काम करणाऱ्यांची बायकामुले याच शहरात कुठे राहतात, त्यांच्या शाळा-दवाखान्याचे काय होते, याविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. गेल्या अंकात आम्ही सैन्यदलांतील कुटुंबांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांनाही पत्रे पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे थोडक्यात, नावे वगळून येथे देत आहोत. बहुतेक पत्रांत घराच्या जागेचा प्रश्न होता, म्हणून पहिल्या पत्राच्या उत्तराला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझे पती नौदलात पेटी ऑफिसर आहेत. विशाखापट्टणमला आम्ही चार वर्षे क्वार्टरमध्ये राहिलो. दिवाळीच्या आधी त्यांची बदली मुंबईतील एका जहाजावर झाली. क्वार्टरच्या वेटिंग लिस्टमध्ये आमचा क्रमांक बराच खाली असल्यामुळे सध्या आम्ही डोंबिवलीला चुलत दिरांकडे आहोत. मुलांची नावे अजून कोणत्याही शाळेत घातलेली नाहीत. मुलगा आठवीत आहे, मुलगी तिसरीत. गोदी जवळ पडावी म्हणून कुलाब्यात मिळेल तेवढी खोली घ्यावी, असे पतींचे म्हणणे आहे. मला मानखुर्द किंवा मालाडकडे जरा बरे घर घ्यावेसे वाटते. आम्ही मूळचे गडहिंग्लजचे. त्यामुळे ‘तुम्ही तर मराठी, मुंबईत तुम्हाला कसली अडचण?’ असे सगळे म्हणतात. प्रत्यक्षात येथे मला हाक मारणारे कोणी नाही. तेलुगू येत नसतानाही विशाखापट्टणमला मला इतके परके वाटले नव्हते.
— नौसैनिकाची पत्नी, डोंबिवली

उत्तर : तुमचा कौल आम्हाला पटतो आणि त्याचे कारण तुमच्या पतींनाही पटण्यासारखे आहे. नौदलातील घर निवडताना सर्वसाधारणपणे लायन गेटपासूनचे (नौदल गोदीच्या प्रवेशद्वारापासूनचे) अंतर आधी मोजले जाते, कारण घर शोधण्याचे काम पुरुष करतो आणि रोजचा प्रवास त्याच्या डोळ्यांसमोर असतो. पण जहाज सेलिंगला गेले की पुढचे काही आठवडे त्या अंतराचा कोणालाच उपयोग राहत नाही. त्या काळात शाळा, दवाखाना, बाजार आणि रात्री दार वाजवता येईल असे शेजारघर किती जवळ आहे, एवढेच महत्त्वाचे ठरते. ज्या माणसाला त्या घरात रोज आणि पुष्कळदा एकटीने राहायचे आहे, त्याच्या सोयीने घर घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. याला एकच अपवाद सांगतो. जहाज दीर्घ दुरुस्तीसाठी गोदीत लागणार असेल, तर पती रोज जातील-येतील आणि ड्यूटीच्या रात्री वगळता घरी असतील. तेव्हा त्यांच्या म्हणण्याला वजन येते. जहाजाचा पुढील कार्यक्रम ते तुम्हाला सांगू शकणार नाहीत, सांगूही नये, पण ‘पुढच्या वर्षी मी बहुतेक बंदरातच आहे’ किंवा ‘बहुतेक बाहेर आहे’ एवढे कळले तरी निर्णयाला पुरेसे आहे.

मानखुर्द आणि मालाड या दोन्ही ठिकाणी नौदलाची वसाहत आणि केंद्रीय विद्यालय आहे, ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट होय. मानखुर्दहून हार्बर मार्गाने सीएसएमटीला थेट गाडी मिळते आणि तेथून लायन गेट चालत गाठता येते. मालाडच्या मार्वे भागातील ‘हमला’ तळाजवळ राहिल्यास आधी स्टेशनपर्यंत बस आणि मग चर्चगेटपर्यंत पश्चिम रेल्वे, असा लांबचा प्रवास पडतो. म्हणून दोन्हींत निवडायचे झाल्यास आम्ही मानखुर्दकडे झुकू. अर्थात घर पाहायला जाल तेव्हा ते दुपारी न पाहता संध्याकाळी सातनंतर पाहावे; पाण्याची वेळ, रस्त्यावरचा उजेड आणि स्टेशनपासून चालत येतानाची वर्दळ तेव्हाच कळते.

करारात एका कलमाकडे लक्ष द्यावे. मुंबईत सर्रास ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार होतो आणि त्यात पहिल्या काही महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे त्याआधी जागा सोडली तरी भाडे देण्याची अट, घातलेला असतो. तुम्हाला चौथ्या महिन्यात क्वार्टर मिळाले, तर त्या दिवसापासून घरभाडे भत्ता थांबेल, पण मालकाचे भाडे लॉक-इन संपेपर्यंत चालूच राहील. मुंबईसारख्या शहरात मूळ वेतनाच्या ३० टक्के असलेला हा भत्ता अचानक बंद होणे नौसैनिकाच्या घराला परवडणारे नाही. म्हणून ‘शासकीय निवासस्थान मिळाल्यास अथवा बदली झाल्यास एक महिन्याच्या सूचनेवर जागा सोडता येईल व अनामत रक्कम पूर्ण परत मिळेल’ हे वाक्य करारात घालूनच घ्यावे. मालक कुरकुर करील; दलाल ‘असे कोणी लिहीत नाही’ म्हणेल. तरी आग्रह सोडू नये. करार नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्यासाठी आधार आणि पॅन पुरेसे असतात. पतींच्या सेवेच्या ओळखपत्राची छायाप्रत दलालाच्या किंवा सोसायटीच्या फाइलमध्ये जाऊ देऊ नये.

शाळेचे काम मात्र घराच्या निर्णयासाठी थांबवू नका. आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळण्याचा हक्क आहे आणि दाखला यायला उशीर झाला, या कारणावरून तो अडवता येत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात हे स्पष्टपणे आले आहे. मुले विशाखापट्टणमला केंद्रीय विद्यालयात असतील, तर तेथील टीसीवर आणि बदलीच्या हुकमावर येथील केंद्रीय विद्यालयातला प्रवेश तुलनेने सोपा जातो. तिसरीतल्या मुलीची काळजी करण्यासारखे काही नाही. मुलाकडे मात्र लक्ष हवे, कारण पुढच्या वर्षी तो नववीत जाईल. सीबीएसईची नोंदणी नववीत होते आणि तेच विषय दहावीला न्यावे लागतात. त्यामुळे नववीचे विषय निवडताना ‘ही शाळा’ एवढेच न पाहता, उद्या कोची किंवा कारवारला जावे लागले तर तेथेही मिळतील असे विषय घ्यावेत. पतींनी मुलाच्या दहावीचे वर्ष आपल्या विभागाला आत्ताच लेखी कळवून ठेवावे. तुम्ही केंद्रीय विद्यालयाऐवजी दुसरी शाळा निवडलीत, तर मराठीचा प्रश्न येईल. राज्याच्या २०२०च्या कायद्याने इतर मंडळांच्या शाळांतही मराठी शिकवणे बंधनकारक केले आहे. घरात मराठी बोलणारा पण मराठी कधीच न लिहिलेला मुलगा पहिल्या चाचणीत कमी गुण आणतो आणि वर्गातल्या मुलांपेक्षा आत्या-काकांचे बोलणे त्याला जास्त लागते. ते बोलणे तेवढे थांबवा. देवनागरी त्याला हिंदीमुळे येते, बाकीचे सहा महिन्यांत जमते.

आता परकेपणाविषयी. तुम्ही दोन शहरांची जी तुलना केली आहे, ती अगदी नेमकी आहे. विशाखापट्टणमच्या क्वार्टरच्या ओळीत प्रत्येक घर बाहेरून आलेले होते, सगळ्यांचे सासर-माहेर दूर होते, म्हणून नवी ट्रंक उतरली की शेजारीण चहा घेऊन येत असे. मुंबईतल्या मराठी वस्तीत प्रत्येकाचे आपापले गणगोत असते आणि तुमचे बोलणे ऐकून समोरचा गृहीत धरतो की तुमचेही असणार. पंजाबी किंवा मल्याळी नौसैनिकाच्या पत्नीला ‘येथे कोणी आहे का तुमचे?’ असे विचारले जाते. तुम्हाला कोणी विचारत नाही. म्हणजे हा लोकांचा कोरडेपणा नव्हे, पण त्याचा परिणाम तोच होतो. तेव्हा सांगण्याचे काम तुम्हालाच करावे लागेल, आणि ते पहिल्या महिन्यात करणे सोपे जाते, वर्षभराने संकोच वाटू लागतो. ‘आम्ही नवीन आहोत, हे बोटीवर असतात, मला येथले काहीच माहीत नाही’ हे वाक्य मजल्यावरच्या दोन घरी स्वतः जाऊन सांगावे. गडहिंग्लज-आजरा-चंदगड भागातील अनेक गावांची मुंबईत ग्रामस्थ मंडळे आहेत. गावी फोन करून चौकशी केलीत तर तुमच्याच गावचे एखादे घर हार्बर मार्गावर निघण्याची शक्यता बरीच आहे. जानेवारीत संक्रांतीचे हळदीकुंकू तुमच्या घरी करा. बोलावणे येण्याची वाट पाहण्यापेक्षा बोलावणे करणे नव्या माणसाला अधिक शोभते, कारण त्या दिवशी सगळे तुमचे घर पाहून जातात.

नौदलाच्या कल्याण संघटनेचे केंद्र आणि वसाहतीतला महिलांचा गट यांच्याशी संबंध ठेवाच. जहाज बाहेर असताना अधिकृत निरोप, एमआय रूमची (नौदलाच्या दवाखान्याची) वेळ, कुलाब्याच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात पाठवण्याची पद्धत या गोष्टी तेथेच कळतात. ऑक्टोबर २०२५मध्ये आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाल्यामुळे उपनगरातून ‘अश्विनी’ला जाणे थोडे सोपे झाले आहे. पण रात्रीअपरात्री मुलाला ताप भरला तर जवळच्या कोणत्या रुग्णालयात न्यायचे आणि कोणाला कळवायचे, हे पती घरी असतानाच विचारून कागदावर लिहून ठेवावे. डोंबिवलीच्या दिरांचे घर मात्र लवकर सोडा. संबंध गोड आहेत तोवर निघणे बरे. पुढे तेच घर तुमच्या रविवारचे ठिकाण होऊ शकेल.

प्रश्न : माझे यजमान गिरणीत होते. आम्ही लालबागच्या चाळीत पन्नास वर्षांपासून राहतो. मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार आहे आणि आता त्याला फील्डवर, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी, जावे लागल्यामुळे सून आणि सहा वर्षांचा नातू आमच्याकडे आले आहेत. सून वागायला वाईट नाही. परंतु ती सारखी फोन घेऊन गॅलरीत किंवा जिन्यात जाऊन बसते, आमच्यात फारशी मिसळत नाही आणि आता तिने वेगळ्या क्वार्टरसाठी अर्ज केल्याचे मुलाकडून कळले. आम्ही काय कमी केले?
— एक सासू, लालबाग

उत्तर : तुम्ही काहीही कमी केलेले नाही, हे आधी लिहितो, कारण तुमच्या पत्रात राग थोडा आणि दुखावलेपण जास्त दिसते. तरीही तुमच्या सुनेची बाजू आम्ही मांडणार आहोत.

ती बेळगावला किंवा जिथे कुठे होती तेथे स्वतःचे घर चालवत होती. नवरा कवायतीला किंवा कॅम्पला गेला की बँक, गॅस, शाळा, दवाखाना, कॅन्टीनचे कार्ड, सगळे तिच्या हातात होते आणि तिला विचारून निर्णय होत होते. तुमच्याकडे आल्यावर ती पुन्हा फक्त सून झाली. तिच्याकडून कामे काढून घेतली गेली ती प्रेमाने, ‘तू दमू नकोस’ म्हणून. पण त्याबरोबर अधिकारही गेला. नातवाच्या शाळेचा सगळा व्यवहार, फी भरण्यापासून बाईंना भेटण्यापर्यंत, पूर्णपणे तिच्याकडे द्यावा आणि तिने घेतलेला निर्णय चुकीचा वाटला तरी आजोबांनी त्यात बदल करू नये. एवढ्याने पुष्कळ फरक पडेल.

फोनविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते. फील्डवरच्या जवानाला फोन लागण्याच्या वेळा आणि जागा ठरलेल्या असतात. नेटवर्क मिळाले तर मिळाले. तो फोन येतो तेव्हा तुमच्या एका खोलीत टीव्ही चालू असतो, नातू अभ्यास करीत असतो, शेजारच्या काकू बसलेल्या असतात, आणि प्रत्येकाला ‘दे, मी दोन शब्द बोलते’ असे वाटते. आईला मुलाशी बोलावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण मग नवराबायकोने बोलायचे केव्हा? जिन्यात बसून बोलणारी सून तुम्हाला टाळत नाही. चाळीत तेवढीच एकांताची जागा आहे. आधी तुम्ही बोलून घ्या आणि नंतर दहा मिनिटे सगळ्यांनी खोलीबाहेर जावे, असा नियम तुम्हीच घालून द्या. तो तुम्ही घातलात तर तिला मागावा लागणार नाही.

क्वार्टरचा अर्ज हा तुमच्यावरचा ठपका मानू नये. फील्डवर गेलेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी काही स्टेशनांवर वेगळी निवासस्थाने राखून ठेवलेली असतात. त्यासाठी बहुतेक घरे अर्ज करून ठेवतात आणि क्रमांक येईपर्यंत बराच काळ जातो. ती गेलीच तरी लालबागपासून फार दूर जाईल असे नाही. तुम्हाला ती जवळ हवी असेल, तर अर्ज मागे घ्यायला लावण्यापेक्षा आठवड्यातून दोन दिवस नातू आजोबांकडे राहील अशी बोली आत्ताच करून ठेवलेली बरी. तुमच्या यजमानांना मात्र एक सांगा : मुलाच्या पगाराचा हिशेब सुनेकडे मागू नये. तुमच्या मूळ पत्रात ते एका ओळीत आले आहे, पण आमच्या अनुभवाप्रमाणे घरे फुटतात ती त्याच ओळीवर.

प्रश्न : मी जीएनएम परिचारिका आहे. माझी नोंदणी राजस्थानात आहे. पतींच्या बदलीमुळे मुंबईत आले. तीन रुग्णालयांनी ‘महाराष्ट्राची नोंदणी आणा’ म्हणून परत पाठवले. काय करावे?
— कुलाबा

उत्तर : रुग्णालये नियमानेच वागली आहेत. महाराष्ट्रात परिचर्येचे काम करण्यासाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. आधीच्या राज्याच्या परिषदेकडून ना-हरकत प्रमाणपत्र मागवून येथे अर्ज करावा लागतो आणि दोन परिषदांच्या पत्रव्यवहारात वेळ जातो. पुढच्या बदलीच्या वेळी हुकूम हातात पडताच, सामान बांधण्याच्या आधी, हा अर्ज करावा. तोपर्यंत भारतीय परिचर्या परिषदेच्या नोंदणी प्रणालीतील तुमची माहिती अद्ययावत आहे का, हे पाहून घ्या. शिक्षिका असलेल्या वाचक भगिनींसाठी येथेच लिहून ठेवतो : केंद्रीय विद्यालये कंत्राटी शिक्षकांसाठी दरवर्षी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये थेट मुलाखती घेतात, आणि सीटीईटीचे (केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेचे) प्रमाणपत्र आता आजीवन ग्राह्य आहे. बदलीच्या नोकरीवाल्या घरात ही नोकरी पुष्कळ जणींना सोयीची पडते, जरी तिला पुढच्या वर्षाची खात्री नसते.

प्रश्न : मी भांडुप येथील एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. आमच्या एका सभासदाने आपली सदनिका नौदलातील एका कुटुंबाला भाड्याने देण्याचे ठरवले आहे. समितीतील दोघांचे म्हणणे आहे की, ही माणसे दोन-तीन वर्षांत जातात, पुरुष घरी नसतो, उद्या काही झाले तर जबाबदारी कोणाची. म्हणून परवानगी नाकारावी. मला हे पटत नाही, परंतु नियम काय आहे ते कळावे. तसेच ते कुटुंब आल्यास आम्ही कसे वागावे, हेही सुचवावे.
— सचिव, भांडुप

उत्तर : राज्यातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका लिव्ह अँड लायसन्सवर देण्यासाठी सभासदाला संस्थेची परवानगी लागत नाही, त्याने संस्थेला आधी कळवणे आणि कराराची प्रत देणे पुरेसे आहे. त्यामुळे ‘नाकारावी’ हा ठरावच करता येणार नाही. सदनिका भाड्याने दिल्यावर लागणारे बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक आकारता येत नाही. समितीने ते शुल्क किती लावले आहे, हे याच निमित्ताने तपासून पाहावे. पुरुष घरी नसणे हे नाकारण्याचे कारण होऊ शकते, असे आजही मुंबईत बोलले जाते याचे आम्हाला नवल वाटते. आखातात किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्यांची कितीतरी घरे तुमच्याच उपनगरात वर्षानुवर्षे नीट चाललेली आहेत.

कसे वागावे, याचे उत्तर प्रथम काय करू नये यातून देतो. जहाजाचे नाव, ते कुठे गेले आहे, कधी परतणार, हे विचारू नये आणि चुकून कानावर आलेच तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर लिहू नये. हेरगिरीची प्रकरणे उघडकीला आल्यानंतर डिसेंबर २०१९मध्ये नौदलाने आपल्या तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन व समाजमाध्यमांना बंदी घातली होती, यावरून या माहितीचे मोल लक्षात यावे. शेजारीण ‘माहीत नाही’ म्हणाली तर ती तुसडी आहे असे समजू नये. तिला खरोखरच माहीत नसते, आणि असले तरी तिने हेच उत्तर देणे योग्य आहे. घरातील मुलांना ‘बाबा कुठे गेले?’ असे लिफ्टमध्ये विचारणाऱ्या ज्येष्ठांनाही आपण हे नम्रपणे सांगावे.

दुसरे, त्या कुटुंबाला १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीपुरते वापरू नये. ध्वजवंदनाला पतींना मंचावर बसवायचे, शाल द्यायची आणि पार्किंगचा प्रश्न आला की ‘भाडेकरूंना नाही’ म्हणायचे, हे आम्ही पाहिलेले आहे. इतर भाडेकरूंना जो नियम आहे तोच त्यांना लावा. त्यात सवलत नको, आणि काटछाटही नको. त्यांच्या दृष्टीने शालीपेक्षा उपयोगी अशा गोष्टी अगदी साध्या आहेत : पाणी बंद राहणार असल्याची सूचना भाडेकरूंनाही वेळेवर मिळावी, पहिल्याच आठवड्यात सुरक्षारक्षकाकडे आणि दोन शेजाऱ्यांकडे त्या बाईंचा व त्यांच्या युनिटच्या संपर्काचा क्रमांक असावा, आणि गणेशोत्सवाच्या कामांच्या यादीत त्यांचेही नाव घालावे. वर्गणी सगळेच मागतात. काम सोपवले की माणूस संस्थेचा होतो. मुलांच्या बाबतीत तर ज्येष्ठांनी काहीच करू नये. तळमजल्यावर चेंडू आपटण्याची परवानगी असेल तर ती आपोआप ओळखी करून घेतात.

प्रश्न : मी अकरावीत आहे आणि ही माझी सातवी शाळा आहे. वडील लष्करात आहेत; मूळ गाव सातारा जिल्ह्यात. इथे कोणाशी मैत्री करायची इच्छाच होत नाही, कारण पुन्हा जायचेच आहे. शिवाय वर्गातले सगळे इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडबद्दल (केंद्रीभूत प्रवेशफेऱ्यांबद्दल) बोलतात आणि माझे दहावीपर्यंतचे शिक्षण बाहेरच्या राज्यांत झाले असल्याने मला महाराष्ट्रात प्रवेश मिळेल का, हेही कळत नाही.
— एक विद्यार्थिनी, नेव्ही नगर परिसर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निश्चित असल्यामुळे ते आधी देतो. राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होणाऱ्या अभियांत्रिकी प्रवेशात सैनिकांच्या मुलांसाठी वेगळे वर्ग आहेत. महाराष्ट्राचे अधिवासी असलेल्या माजी सैनिकांची मुले पहिल्या वर्गात येतात, अधिवासी असून सेवेत असलेल्यांची दुसऱ्या वर्गात. आणि मूळ अन्य राज्यांतले, पण बदलीने महाराष्ट्रात आलेल्या सैनिकांची मुले तिसऱ्या वर्गात. वडील साताऱ्याचे अधिवासी आणि सेवेत असतील, तर तू दुसऱ्या वर्गात बसतेस. त्यासाठी वडिलांचे अधिवास प्रमाणपत्र आणि युनिटचे सेवाविषयक प्रमाणपत्र लागते. अधिवास प्रमाणपत्र गावाकडच्या तहसील कार्यालयातून काढावे लागेल. ते काम बारावीच्या मे महिन्यावर ढकलू नये. वडील पुढच्या सुट्टीवर गावी जातील तेव्हाच करून घ्यावे. त्या वर्षीची माहितीपुस्तिका निघाली की प्रमाणपत्रांचे नमुने त्यातलेच वापरायचे, मागच्या वर्षीचे नकोत.

मैत्रीबद्दल तुला समजावण्याचा आमचा विचार नाही, कारण सात शाळा बदललेल्या मुलीला हा विषय आमच्यापेक्षा अधिक कळतो. एवढेच सुचवतो की, या वेळी परिस्थिती थोडी वेगळी आहे. आतापर्यंत तू शाळा सोडून जात होतीस आणि बाकीचे तेथेच राहत होते. आता दीड वर्षाने तुझ्या वर्गातले सगळेच पांगणार आहेत : कोणी पुण्याला, कोणी व्हीजेटीआयला, कोणी आणखी कुठे. नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी कसे वागायचे हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नाही आणि तुला चांगले माहीत आहे. तुमच्या परिसरातून रोज एकाच बसने क्लासला जाणाऱ्या दोघी-तिघी असतीलच. त्यांच्याशी आधी कॅप राउंडवरच बोल. तुझ्याकडे आता वर दिलेली माहिती आहे, आणि वर्गातल्या इतर सैनिकांच्या मुलांना ती बहुधा नसेल.